गिझर चालू, पाणी मात्र गारच!

गिझरचा दिवा लागतो, अर्धा तास जातो, तरी बादलीत पडते ते कोमट पाणी. अशा वेळी लगेच नवा गिझर मागवू नका. बिघाड नेमका कुठे आहे एवढे जरी घरच्या घरी कळले, तरी नको तो खर्च वाचतो.

आधी गिझरकडून अपेक्षा किती ठेवायची ते पाहू. २००० वॉटच्या १५ लिटर गिझरला २२ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण २० मिनिटे लागतात. चौघे लागोपाठ आंघोळीला गेले आणि तिसऱ्याला गार पाणी मिळाले, तर तो बिघाड नव्हे.

आता क्रमाने तपासा.

दिवा लागतच नाही. पाणी गरम असेल तर काळजी नको. बऱ्याच गिझरमध्ये पाणी तापले की दिवा विझतो. गार असेल तर एमसीबी पडला आहे का पाहा. एकदा वर करा. पुन्हा पडला तर हट्ट करू नका. आरसीसीबी पडत असेल, तर एलिमेंटमधून वीज टाकीत उतरत असू शकते. तो वगळून थेट जोडणी करून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्या. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा. तो काळवंडला असेल तर बदलून घ्या. हे सगळे ठीक असेल, तर थर्मोस्टॅट किंवा कटआउट तपासून घ्यावा लागेल.

दिवा सतत लागलेला, पाणी गार. एलिमेंट जळाले असण्याची शक्यता मोठी. त्यासाठी पूर्ण गिझर बदलावा लागत नाही.

टाकी गरम, नळाला कोमट. गिझरची वीज बंद करा. त्याच्याकडे जाणारा गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून फक्त गरम बाजूचा नळ उघडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. पाणी वाहतच राहिले, तर मिक्सरमधून गार पाणी गरम पाण्यात मिसळते आहे. दोष मिक्सरचा, गिझर चांगला आहे. तपासून झाले की कॉक पूर्ण उघडा आणि मगच वीज सुरू करा.

गरम पाण्याची धार बारीक. कॉक, जाळी आणि शॉवर क्षारांनी भरले असतील. शॉवरचे तोंड काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवा. गिझरच्या टाकीत मात्र स्वतः ॲसिड ओतू नका.

व्हाइटफील्डमध्ये या तक्रारींमागे बहुतेकदा एकच कारण असते, जड पाणी. इथल्या कितीतरी सोसायट्या वर्षानुवर्षे बोअरवेल आणि टँकरवर चालत आल्या. कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले, पण अनेक टाक्यांत अजून मिश्र पाणीच पडते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. त्याहून जड पाणी तापले की त्यातला चुना एलिमेंटवर पांढऱ्या थरासारखा बसतो. मग पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढते आणि शेवटी एलिमेंट जळते.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. थर्मोस्टॅट शेवटच्या टोकाला न ठेवता ५० ते ५५ अंशांवर ठेवा. पाणी जितके जास्त तापते तितका थर लवकर जमतो. वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्या. त्याच वेळी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड पाहायला सांगा. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. झिजून संपला असेल तर लगेच बदला. सोसायटीत सॉफ्टनर असेल, तर त्यात मीठ वेळेवर पडते का, हेही विचारा.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणे नेहमीचे आहे. सतत धार लागली तर मेकॅनिकला बोलवा. गळते म्हणून तो व्हॉल्व्ह कधीही बुजवू नका.

गॅस गिझर असेल तर आणखी एक गोष्ट. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणसे दगावली आहेत. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. आंघोळ करताना डोके जड झाले, तर ताबडतोब बाहेर या. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, तर दुरुस्ती होईपर्यंत तो गिझर वापरू नका.

गिझर उघडण्याचे काम मात्र इलेक्ट्रिशियनचेच. घरातल्या लहानमोठ्यांना एवढे सांगून ठेवा: गिझरच्या पाण्याचा हलकासा जरी झटका बसला, तरी आधी मेन स्विच बंद.