तगरीवरचे निळे डोळे

बालमित्रांनो, पालघर-बोईसरकडे ज्यांच्या अंगणात तगर किंवा कण्हेर आहे, त्यांनी पावसाळ्यात झाडाखाली जरा वाकून बघा. मिरीएवढ्या काळसर लेंड्या पडलेल्या दिसल्या, की मान वर करा. शेंडे कुरतडलेले असतील आणि तिथेच कुठेतरी बोटाएवढी जाड, हिरवीगार अळी चिकटलेली असेल. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंना पांढरी रेघ आणि बारीक ठिपके असतात. शेपटीकडे असतं पिवळसर शिंग. घाबरू नका, ते टोचत नाही!

तिला डिवचलं की ती डोकं आत ओढते. मग मानेजवळचे दोन मोठे निळे डोळे तुमच्याकडे रोखून बघू लागतात. ते डोळे खोटे बरं का! पक्ष्याला भिववायला एवढे पुरेत. दक्षिण अमेरिकेतली हिची एक चुलत बहीण, हेमेरोप्लेनीस, तर पुढचा भाग फुगवून हुबेहूब सापाचं तोंड करते.

कण्हेर विषारी, गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत; ही मात्र मजेत खाते. तुम्ही चीक लागला तर हात धुवा.

आता खरी गंमत. पोटभर खाऊन झालं, की हिरवा रंग जातो आणि अळी मातकट तपकिरी होते. 'मेली वाटतं' म्हणून पुष्कळजण ती फेकून देतात! ती खाली उतरून पाचोळ्यात कोष करते. अंगण रोज लखलखीत झाडलं, तर कोषही केराबरोबर जातो. तेव्हा आईबाबा, तगरीखालचा पाचोळा दोन-तीन आठवडे राहू द्या आणि औषधाचा पंप आत ठेवा. शेंडे पुन्हा फुटतात.

कोषातून निघतो हॉक मॉथ, म्हणजे ससाण्यासारखा वेगवान पतंग. पंख पसरले की जवळजवळ अर्धी वीत! सैनिकाच्या गणवेशासारखी हिरवी नक्षी, मधूनच गुलाबी छटा. लिनियसने १७५८ साली कण्हेरीवरूनच याचं नाव 'नेरी' ठेवलं. तिन्हीसांजेला फुलासमोर हवेत थांबून लांब सोंडेने हा मध पितो.

दिव्याला भुलून आलेला पतंग सकाळी भिंतीवर दिसला, तर चिमटीत धरू नका. पंखांवरची पूड निघते. कागदावर चढवून घ्या आणि पाल-कावळ्याच्या आधी दाट फांदीवर नेऊन ठेवा.