वशिला

तिरोड्यात तांदळाच्या गिरण्यांना तोटा नाही. त्यांतल्याच एका गिरणीत हिशेब लिहिणारे एक गृहस्थ २०२५ च्या जूनमध्ये, भर दुपारी माझ्या घरी आले. मागे त्यांची मुलगी. माझी जुनी विद्यार्थिनी. नुकतीच कायद्याची पदवी घेतलेली. पाणी पिऊन झाल्यावर गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले,

“सर, पोरीला न्यायाधीश व्हायचं आहे. कोणाला भेटावं लागेल?”

मराठीच्या मास्तराची ओळख ती केवढी! पण याचे उत्तर मला ठाऊक होते.

“कोणालाच नाही,” मी म्हटले.

संविधानाच्या २३४ व्या कलमाप्रमाणे या नेमणुका राज्यपाल करतात; पण त्याचे नियम लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्या सल्ल्याने ठरलेले असावे लागतात. आपल्याकडे आयोग आधी शंभर गुणांची चाळणी लावतो. ते गुण पुढे धरीत नाहीत. मग दोनशे गुणांची लेखी परीक्षा आणि शेवटी मुलाखत. तिला गुण अवघे पन्नास. वशिल्याने शिरायचे म्हटले तरी फट लहानच!

गृहस्थांचा चेहरा उजळला. मुलीचा मात्र नाही.

“सर, भेटायचं कोणाला हा प्रश्नच नाही. तीन वर्षं खायचं काय, हा आहे.”

नव्या पदवीधरांना थेट परीक्षेला बसण्याची वाट २००२ च्या निकालाने मोकळी झाली होती. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करून पुढच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. निकाल देणाऱ्या पीठावर होते आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई.

निकाल वाचून मी मान डोलावली होती. कोर्टात एका म्हातारीला वेळ विचारली, तेव्हा ती म्हणाली होती, “ढोरं घरी येतात तवा.” हे घड्याळ कोणत्या पुस्तकात सापडते? त्यासाठी कोर्टाच्या व्हरांड्यात उभेच राहावे लागते.

पण त्या व्हरांड्यात नवख्या वकिलाच्या हाती पडते काय, तर मोठ्या वकिलांची दप्तरे. परीक्षेत सर्वांना एकच माप. परीक्षेच्या दारापर्यंत पोचायला मात्र ज्याच्या त्याच्या घरची हंडी लागते. जिच्या घरी ती रिकामी असेल, तिची गुणवत्ता कोणता आयोग मोजणार?

मला उत्तर सुचेना. गृहस्थ उठले, पायांत चपला घातल्या आणि मुलीला म्हणाले, “तीनच वर्षं ना? तोवर माझी गिरणी सुरू आहे.”

तेवढा एक वशिला मात्र लागतोच.