गळतीला ‘एक्झिट’ म्हटले की प्रश्न मिटतो का?



नव्या शैक्षणिक धोरणातले एक वाक्य आता आपल्या पोरांच्या तोंडीही बसले आहे : “कॉलेज मध्येच सोडले तरी वर्ष वाया जात नाही.” एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा. जमेल तेव्हा परत या, दुसऱ्या विद्यापीठात या, काही विषय ‘स्वयम’वर ऑनलाइन करा, परीक्षा द्या, पदवी पूर्ण करा. ऐकायला छान आहे. माझा प्रश्न एवढाच : मध्येच बाहेर कोण पडणार?

वकिलाचा, प्राध्यापकाचा, बागायतदाराचा मुलगा दोन वर्षांचा डिप्लोमा घेऊन घरी बसणार नाही. तो चार वर्षे पूर्ण करून ऑनर्स घेईल. बाहेर पडेल ती वस्तीतली पोरगी, जिचे लग्न ठरले. बाहेर पडेल तो पोरगा, ज्याचा बाप आजारी पडला, ज्याची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, ज्याला वसतिगृह मिळाले नाही. याला कालपर्यंत गळती म्हणत होते. गळती म्हटले की सरकारला जाब विचारता येत होता. आता त्याच पोराच्या हातात कागद दिला की ती त्याची ‘एक्झिट’ होते, त्याची ‘निवड’ होते. आणि निवडीचा जाब कोण विचारणार?

त्या कागदाची किंमतही तपासा. राज्यसेवेला पदवी लागते. तलाठी भरतीला पदवी लागते. तीन वर्षांच्या एलएलबीला आणि बी.एड.ला पदवीच लागते. मग ८० क्रेडिटचा पदवीपूर्व डिप्लोमा दाखवायचा कुठे?

या पद्धतीचे समर्थक अमेरिकेचा दाखला देतात. तो नीट द्यावा. तिथे कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री असते. नर्सिंगमधली ती डिग्री घेतलेली व्यक्ती परवाना परीक्षा देऊन नोंदणीकृत नर्स होऊ शकते. म्हणजे त्या दोन वर्षांना बाजारात भाव आहे. शिवाय १९६७ पासून तिथे ‘क्लेप’ ही परीक्षा आहे. जे तुम्हाला आधीच येते त्याची परीक्षा द्या, आणि ती मानणाऱ्या कॉलेजात वर्गात न बसता क्रेडिट घ्या. तिथेही कॉलेज बदलताना सगळे क्रेडिट मानले जातीलच असे नाही. पण निदान दोन वर्षांची डिग्री ही तिथे स्वतंत्र पायरी आहे. आपण पायरीचे नाव आणले, पायरी बांधलीच नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. पाच वर्षे वायरमनचे काम केलेल्या आपल्या पोराला असे क्रेडिट कोण देते, हे आपापल्या कॉलेजात जाऊन विचारा.

बाबासाहेबांनाही शिक्षण मध्येच सोडावे लागले होते. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. पण नुसत्या परवानगीने बोटीचे तिकीट निघत नाही. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, एवढे जमले तेव्हा १९२० मध्ये ते परत गेले. १९२१ ला एम.एस्सी. आणि १९२३ ला डी.एस्सी. घेतली. आजच्या धोरणाने परवानगी दिली आहे, तिकिटाचे पैसे मात्र दिलेले नाहीत.

मग ही सोय नाकारायची का? मुळीच नाही. मिळालेले हत्यार टाकून देणे हा शहाणपणा नव्हे. पण नियम पाठ करा. जमा क्रेडिटचे आयुष्य जास्तीत जास्त सात वर्षे. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर कागद हवा असेल तर व्यावसायिक कोर्सचे किंवा इंटर्नशिपचे चार क्रेडिट वेगळे. पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे क्रेडिट. ‘स्वयम’वरून ४० टक्क्यांपर्यंत विषय करता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने ते विषय मान्य केले पाहिजेत. आणि “एका वर्षात पदवी” अशी जाहिरात दिसली की आधी त्या संस्थेला अनुदान आयोगाची मान्यता आहे का ते पाहा. घाईत असलेल्या गरिबाला लुटणारे दुकान सगळ्यात आधी उघडते.

कार्यकर्त्यांनो, आपल्या वस्तीत गेल्या तीन वर्षांत कॉलेज सोडलेल्यांची यादी करा. प्रत्येकाचे क्रेडिट खात्यात जमा झाले आहे का ते पाहा. झाले नसेल तर अर्ज घेऊन कॉलेजात जा. त्याचबरोबर मागण्या लावून धरा : परत येणाऱ्याला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह पहिल्यासारखे मिळाले पाहिजे, त्याच्यासाठी जागा राखली पाहिजे, आणि किती जण बाहेर पडले, किती परत आले, याचे जातनिहाय आकडे प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर केले पाहिजेत. हे आकडे समोर आले की ‘निवड’ कोणाची होती ते सगळ्यांना कळेल.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले ते आपली पोरे पदवीपर्यंत पोहोचावीत म्हणून. अर्ध्या वाटेवर कागद घेऊन समाधान मानायला नव्हे.

जय भीम.