नळ कोरडा असताना

जून संपत आला की बेळगावकर सकाळी पेपर उघडून आधी राकसकोपची पातळी बघतो. जलाशय 2475 फुटांना भरतो, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. दरवाजे उघडल्याचा फोटो छापून आला की वर्षाची काळजी मिटली. मार्कंडेय नदीचं हे पाणी हिंडलग्याहून लक्ष्मी टेकवर येतं, तिथं शुद्ध होतं आणि शहरात सुटतं. उरलेली तहान घटप्रभेवरचं हिडकल भागवतं. घटप्रभेचा उगम महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत आणि धरण कर्नाटकात. सीमाप्रश्न काही असो, पाणी आपलं खाली येत राहिलं आहे.

पाणी किती आहे याची एवढी चौकशी करणारं आपलं गाव, पाणी कसं आहे हे मात्र ते गढूळ आलं तरच विचारतं. आणि रोग पसरवणारं पाणी बहुतेक वेळा गढूळ नसतं.

वडगावातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत घरच्या कनेक्शनची पाईप कुठून गेली आहे ते एकदा वाकून बघा. गटारीच्या कडेनं, कधी गटारीच्या पोटातून. पाईप भरलेली असते तेव्हा आतला दाब पाणी बाहेर ढकलतो. जोड गळका असला तरी घाण आत शिरत नाही. पाणी बंद झालं की पाईप रिकामी होते, दाब जातो आणि त्याच गळतीतून गटारीचं पाणी आत झिरपतं. पुढच्या वेळी पाणी सुटलं की पहिल्या झोताबरोबर ते आपल्या घागरीत. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली तर विचारायलाच नको. मोटर पाईपमध्ये ओढ निर्माण करते आणि शेजाऱ्याच्या वाट्याच्या पाण्याबरोबर गटारही खेचते. मोटर लावणाऱ्याशी आपण भांडतो ते पाणी कमी येतं म्हणून. भांडायचं खरं कारण हे आहे.

ही नुसती शंका नाही. शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुम्पेल आणि कारा नेल्सन या अमेरिकेतल्या संशोधकांनी नळाच्या पाण्याचे नमुने तपासले आणि 2013 मध्ये निष्कर्ष छापले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात 0.7 टक्के नमुन्यांत ई. कोलाय, म्हणजे मैल्यातले जंतू, सापडले. थांबून थांबून पाणी येणाऱ्या भागात 31.7 टक्के नमुन्यांत! पावसाळ्यात या दुसऱ्या भागातलं पाणी आणखी बिघडलं. चोवीस तासवाल्यांचं तसं बिघडलं नाही. चोवीस तास पाण्याचा तो प्रयोग जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, गुलबर्गा आणि आपल्या बेळगावातही झाला. इथं तो दहा वॉर्डांत 2008 मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आपण चोवीस तास पाणी ही चैन समजून तिच्या बिलावर वाद घालत आलो. बिलाचा वाद खोटा नाही, पण पाईप सतत भरलेली राहते हा तिचा मुख्य फायदा त्या वादात कोणी काढलाच नाही.

त्याच अभ्यासात एक खोच आहे. चोवीस तास नळ असूनही बहुतेक घरांत प्यायचं पाणी साठवलं जात होतं आणि घरातलं पाणी नळापेक्षा जास्त दूषित निघालं. हंड्यात बुडणारा तांब्या आणि तांब्याबरोबर बुडणारी बोटं. जन्मभराची सवय, नळ सुधारला म्हणून एका वर्षात जात नाही.

इचलकरंजी आपल्यासारखीच मागावर जगणारी. 2012 च्या उन्हाळ्यात तिथं दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, हजारो माणसं आजारी पडली, काही दगावली. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला 2025 च्या जानेवारीत जीबीएसचे, म्हणजे नसा लुळ्या पाडणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकदम वाढले तेव्हाही बोट पाण्याकडेच गेलं. चांगली चालती माणसं व्हेंटिलेटरवर गेली.

वडगाव, शहापूर, खासबागेतल्या जुन्या घरांच्या परड्यात विहिरी आहेत. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर तर सगळ्यांना ठाऊक. विहिरी उपसून वापरात आणाव्यात हे बरोबरच, पण ड्रेनेज शेजारून जात असेल तर ते पाणी धुण्याला आणि झाडांना. नळ गेला म्हणून विहिरीचं पाणी तसंच पिणं हा नळापेक्षा मोठा जुगार आहे.

मग दारात आरओ विकणारा येतो. पेल्यातल्या नळाच्या पाण्यात दोन कांड्या घालून बटण दाबतो, आणि पाणी तांबूस होऊन त्यात गाळ तरंगायला लागतो. घरातली आजी तोंडाला पदर लावते. तो गाळ कांडीच्या लोखंडाचा असतो, हे विकणारा कशाला सांगेल? त्याचं दुसरं हत्यार टीडीएस मीटर. ते विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही. क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम. 500 च्या आत असेल तिथं आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच सरकारला सांगितलं होतं. सह्याद्रीच्या पायथ्याला साठलेल्या पावसाच्या पाण्याला आरओ लावायचा, म्हणजे भरपूर पाणी मोरीत सोडायचं.

त्यापेक्षा स्वस्त गोष्ट आहे ओटी टेस्ट. काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. भारतीय मानकानुसार तो लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. विषाणूंची भीती असेल तेव्हा 0.5. ही चाचणी टाकीखालच्या नळाला करून उपयोग नाही. ती गल्लीच्या टोकाच्या घरात, पावसाच्या दिवसांत, पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत करायची. त्या पहिल्या पाण्यानं अंगण धुवा, प्यायची घागर नंतर भरा. रंग आला नाही तर पाणी उकळा आणि चार घरांच्या सह्यांनी अर्ज द्या. अर्जात ‘पाणी खराब येतं’ एवढंच लिहिलं तर तो फायलीत जातो. तारीख, वेळ, गल्ली आणि नळीतला रंग लिहा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.