आकाशातला उजेड आणि आपलं इमान

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ. रमजानचा चाँद बघायला आम्ही चंद्रपुरात बहिणीच्या घराच्या गच्चीवर जमलो होतो. चाँद दिसला, सलाम-मुबारकबाद झाली, तरावीहला निघायची घाई सुरू झाली. तेवढ्यात आकाशात एक जळती रेघ सरकताना दिसली. एकामागून एक पेटलेले तुकडे, सगळे एकाच दिशेने. गल्लीत एकच कल्ला झाला. कुणी म्हणालं मिसाइल, कुणी म्हणालं विमान पेटलं. शेजारच्या खाला कलमा पढू लागल्या; त्यांना ती कयामतची निशाणी वाटली. आठवीतला माझा भाचा मात्र खूश. ‘मामू, यूएफओ!’

त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी कडी पडल्याची बातमी आली. पुढे आसपास धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या रॉकेटचा तो भाग असावा, असं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशोबावरून सांगितलं. आमच्यापुरतं कोडं सुटलं.

भाचा आता कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात त्याने मला एक रील पाठवली. ‘कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच एलियन सांगितले होते!’ मागे उडत्या तबकड्यांची दृश्यं, खाली सूरह शूराचा हवाला. सोबत त्याने लिहिलं होतं, ‘मामू, आता तरी कॉलेजातले मित्र आपल्याला मानतील ना?’

रील मी विसरलो असतो. ते वाक्य विसरता येईना.

यूएफओ म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया असतात: हसून सोडून देणं किंवा डोळे झाकून मानणं. विद्यापीठांत मात्र या विषयाचा गंभीर अभ्यास होतो, तोही धर्माच्या अभ्यासकांकडून. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विल्मिंग्टन विद्यापीठातल्या डायना पासुल्का या कॅथलिक परंपरेच्या अभ्यासक. जुन्या चर्चच्या नोंदी वाचताना त्यांना आकाशातल्या उजेडाच्या, तेजस्वी गोळ्यांच्या कितीतरी हकिगती सापडल्या. आजच्या यूएफओ पाहणाऱ्यांच्या हकिगतींशी त्या जुळत होत्या. त्यातून २०१९ मध्ये त्यांचं ‘अमेरिकन कॉस्मिक’ हे पुस्तक आलं. तबकडी खरी की खोटी, हा निवाडा त्या करत नाहीत. एक अनुभव श्रद्धा कसा बनतो, त्यात सिनेमा, टीव्ही आणि इंटरनेट काय भर घालतात, हे त्या तपासतात.

‘उडती तबकडी’ हा शब्दच बघा. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चमकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. वर्तमानपत्रांनी चालीचं वर्णन आकाराला चिकटवलं, आणि त्यानंतर लोकांना बशाच दिसू लागल्या. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी तपासल्या. ७०१ चा उलगडा झाला नाही. २०२३ मध्ये नासाच्या समितीनेही सांगितलं की या घटनांमागे परग्रहवासी असल्याचा पुरावा नाही आणि हाती असलेली माहिती फार अपुरी आहे. ‘उलगडा झाला नाही’ याचा अर्थ ‘एलियन होते’ असा होत नाही. ‘उलगडा झाला नाही’ एवढाच होतो.

या अभ्यासात आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेत एलायजा मुहम्मद ‘मदर प्लेन’बद्दल शिकवत. आकाशात एक प्रचंड चाकासारखं यान आहे आणि एक दिवस ते जुलमी सत्तेचा हिशोब करील, अशी ती शिकवण. जगातले बहुसंख्य मुसलमान ती इस्लामची मानत नाहीत. मीही मानत नाही. पण स्टीफन फिनली या अभ्यासकाने तिची टिंगल न करता तिच्यावर पुस्तक लिहिलं. काळ्या माणसाच्या शरीराने जे सोसलं, त्याच्याशी या कल्पनेचा काय संबंध आहे, हा त्याचा प्रश्न. ते वाचून मला वाटलं, जमिनीवर न्याय मिळेनासा झाला की माणूस तो आकाशात शोधतो.

आता भाच्याचं वाक्य पुन्हा वाचा. त्याला एलियनमध्ये रस होता आठवीत. आज त्याला इज्जत हवी आहे. ‘तुम्ही लोक मागासलेले’ हे टोमणे ऐकून कंटाळलेल्या मुलाला वाटतं, नासाने आपल्या किताबावर शिक्का मारला तर तोंडं बंद होतील.

मी त्याला हसणार नाही, कारण त्याच्या वयात मीही हेच केलंय. मॉरिस बुकाय यांचं बायबल, कुरआन आणि विज्ञानावरचं पुस्तक घेऊन मी हॉस्टेलभर वाद घालत फिरायचो. एका मित्राने शांतपणे विचारलं, ‘उद्या विज्ञानाचा सिद्धांत बदलला, तर तू काय बदलशील?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. निधाल गेसूम हे अल्जीरियाचे खगोलशास्त्रज्ञ, स्वतः श्रद्धावान मुसलमान. आयतींतून आधुनिक शोध काढून दाखवण्याच्या या पद्धतीवर त्यांनी सविस्तर टीका केली आहे. बदलत राहणं हा विज्ञानाचा स्वभाव आहे. इमान त्याला बांधून टाकलं तर विज्ञानाच्या प्रत्येक वळणावर इमान डगमगेल.

मग सूरह शूराची ती आयत? आकाशांत आणि जमिनीवर जीव पसरवल्याचा उल्लेख तिच्यात आहेच. मुंबईत जन्मलेले अब्दुल्ला यूसुफ अली यांनी १९३० च्या दशकात, म्हणजे अर्नोल्डच्या तबकड्यांच्या आधी, आपल्या टीपेत लिहिलं की जीवसृष्टी पृथ्वीपुरतीच नसावी असं मानणं वाजवी आहे. त्यांनी शक्यता मोकळी ठेवली, पुरावा मिळाल्याचा दावा केला नाही. त्यांची टीप आणि ही रील यांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

पैगंबर (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले, त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, या दुःखाने सूर्यही काळवंडला. पैगंबरांच्या मोठेपणाचा याहून सोपा पुरावा कोणता? त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत. कुणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. पोराचा दफनविधी झालेल्या दिवशी, आपल्या बाजूची अफवा त्यांनी खोडून काढली.

दोस्तांनो, आपल्या बाजूचा फॉरवर्ड खोडणं हेच सगळ्यात अवघड असतं. दुसऱ्यांच्या अफवा आपण लगेच पकडतो, आणि पकडायलाच हव्यात. त्या अफवांची किंमत आपल्या वस्त्यांनी मोजली आहे. पण खबरीची शहानिशा करा, हा सूरह हुजुरातचा हुकूम फक्त आपल्याविरुद्धच्या खबरींसाठी नाही.

भाच्याला मी एवढंच लिहिलं: ‘मित्र रीलमुळे मानणार नाहीत. तू फिजिक्स नीट शीक. काही माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हण. आणि कुणी आकाशात काही पाहिलं असं सांगितलं, तर न हसता आधी ऐक, मग तपास.’

त्याचं उत्तर रात्री उशिरा आलं. ‘मामू, त्या दिवशी गच्चीवर किती वाजले होते? रॉकेटचा मार्ग काढून बघतो.’