डब्यावरचे वॅट आणि डब्यातले वॅट

आमच्या वाचकांपैकी बरेच जण अॅम्प्लिफायरची दुरुस्ती, स्पीकरचे रिकोनिंग, लाकडी बॉक्स तयार करणे किंवा बॅटऱ्यांची विक्री यांपैकी कोणत्या ना कोणत्या धंद्यात आहेत. हे चारही हुन्नर एकत्र येतात अशी एक वस्तू आज बाजारात विकली जाते आणि तिच्याकडे आपल्या लोकांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही, असे आम्हास वाटते. ती वस्तू म्हणजे बॅटरीवर चालणारा गिटारचा छोटा अॅम्प्लिफायर. विजेची पिन नाही, वायरीचे जंजाळ नाही. गिटारची दोरी खुपसली, बटन फिरविले की काम सुरू.

याचे गिऱ्हाईक कोण, हे आधी पाहावे. फ्लॅटमध्ये रात्री सराव करणारा कॉलेजचा मुलगा, हॉटेलात किंवा वाढदिवसाच्या कार्यक्रमात दोन तास वाजविणारा कलाकार, शाळेचा संगीत शिक्षक. यांना मंडपवाल्याची मोठी सिस्टिम नको असते. रिक्षात मांडीवर ठेवून नेता येईल आणि समोर बसलेल्या चाळीस-पन्नास माणसांना नीट ऐकू जाईल, एवढाच त्यांचा सवाल असतो.

आमच्या पुतण्याने असाच एक डबा बाजारातून आणला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘६० वॅट’ आणि खाली ‘बॅटरी ८ तास’ असे छापलेले. पहिल्याच कार्यक्रमात तासा-सव्वा तासात आवाज फाटू लागला आणि मग डबा बंद पडला. ज्याच्याकडून घेतला तो दुकानदार म्हणाला, बॅटरीची गॅरंटी नसते. शेवटी आम्ही तो डबा आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींच्या टेबलावर नेला. त्यांनी चार स्क्रू काढले, आत नजर टाकली आणि पुतण्याला म्हणाले, “बेटा, या बारा व्होल्टमधून साठ वॅट मागणे म्हणजे शेरभर दुधातून दोन शेर खवा मागणे.”

मग त्यांनी जे केले ते प्रत्येक दुरुस्तीवाल्याला करता येण्याजोगे आहे, म्हणून सविस्तर सांगतो. स्पीकर काढून त्याच्या जागी ४ ओमचा जाड वायरवाउंड रेझिस्टर लावला. मोबाइलमधून ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज आत सोडला आणि ऑसिलोस्कोपवर लाट माथ्याला चपटी होऊ लागली तेथे बटन थांबविले. मीटरवर ७ व्होल्ट आले. व्होल्टला व्होल्टने गुणायचे आणि ओमने भागायचे: ७ गुणिले ७ म्हणजे ४९, भागिले ४, म्हणजे १२ वॅट आणि वर थोडे. ही काही लबाडी नव्हे, त्या सर्किटचे हे चांगलेच काम आहे. बारा व्होल्टवर, ४ ओमच्या स्पीकरला, साध्या जोडणीत हिशोबाने साडेचार वॅटच्या वर जाता येत नाही. ब्रिज जोडणीत हिशोब १८ वॅटपर्यंत जातो आणि प्रत्यक्षात त्याच्या बराच अलीकडे थांबतो. व्होल्टेज चढविणारे वेगळे सर्किट असेल किंवा स्पीकर २ ओमचा असेल तर गोष्ट निराळी. या डब्यात दोन्ही नव्हते. म्हणजे डब्यात १२ वॅट होते आणि डब्यावर ६०. मधले ४८ वॅट छापखान्यातून आले होते.

ज्यांनी टेपरेकॉर्डरचा जमाना पाहिला त्यांना ‘पीएमपीओ’ आठवत असेल. तळहाताएवढ्या स्पीकरवर हजार-हजार वॅटचे आकडे छापलेले असत. गिऱ्हाईक काही काळ भुलले आणि मग त्याचा कोणत्याच आकड्यावर विश्वास राहिला नाही. त्याचे नुकसान छापणाऱ्या कंपन्यांना फारसे झाले नाही. खरा आकडा सांगणाऱ्या लहान कारागिराला झाले, कारण त्याचे खरे २० वॅट दुसऱ्याच्या खोट्या हजारासमोर हास्यास्पद वाटू लागले.

आता या धंद्यातल्या मोठ्या घराण्यांनी काय केले ते पाहा. अमेरिकेत १९७३ मध्ये ‘पिगनोज’ नावाचा छोटा अॅम्प्लिफायर निघाला. त्याचे बटन डुकराच्या नाकासारखे होते, म्हणून हे नाव. नाव आपल्याला रुचणारे नाही, पण कारागिरी पाहण्यासारखी आहे. सहा पेन्सिल सेल, ५ इंची स्पीकर, सुमारे ५ वॅट आणि वर एकच बटन. लाकडी पेटी बिजागरीवर उघडते आणि जेवढी उघडावी तसा आवाज बदलतो. सुताराने आवाज घडविला तो असा! पन्नास वर्षे झाली तरी तो नमुना लोकांच्या स्मरणात आहे. पुढे रोलँड कंपनीने ‘मायक्रो क्यूब’ काढला. त्यावर २ वॅट लिहिले. मार्शलने कमरपट्ट्याला अडकविता येणारा, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा नमुना काढला. त्यावर १ वॅट. या कंपन्यांना साठचा आकडा छापता आला नसता काय? त्यांनी तो छापला नाही आणि त्यांचा माल जगभर खपला.

कारण वॅट म्हणजे आवाज नव्हे. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडा फरक जाणवतो इतकेच. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर वॅट सुमारे दहापट लागतात. आणि येथेच आपल्या स्पीकरवाल्या बंधूंचे महत्त्व आहे. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर आणि ९६ डेसिबल देणारा स्पीकर, यांत वॅटच्या भाषेत दहापटीचा फरक आहे. मोटारीतला जड कोनाचा, रबरी कडेचा स्पीकर गिटारच्या डब्यात घालणे ही बाजारातली सर्वांत मोठी चूक होय. तो स्पीकर खोल आवाजासाठी बनलेला असतो आणि वॅट खाऊन टाकतो. हलक्या कागदी कोनाचा, कागदी कडेचा आठ इंची स्पीकर, १२ मिलिमीटर प्लायची पेटी आणि मागची बाजू अर्धी उघडी, एवढ्यावर १२ वॅट लहान सभागृहाला पुरतात. ड्रमसेट शेजारी असेल तर मात्र पुरणार नाहीत, हेही गिऱ्हाइकाला विकतानाच सांगावे. विकल्यावर सांगितले तर ते भांडण होते.

दुसरी चूक आत येणाऱ्या तोंडाशी होते. आपल्याकडील पुष्कळ मिस्त्री माइकचे सर्किट जसेच्या तसे गिटारला लावतात. गिटारचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. मोटर वाइंडिंग करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा वाइंडिंगला कमी ओमचे ओझे लावले की वरचे सूर मरतात आणि गिटार गोधडीत गुंडाळून वाजविल्यासारखी लागते. गिऱ्हाईक म्हणते, लोकल माल. वास्तविक त्याला हवे असते १ मेगओमचे तोंड, म्हणजे एक एफईटी किंवा टीएल ०७२ सारखी साधी आयसी आणि दोन-चार रेझिस्टर. चहा-नाश्त्याच्या पैशात होणारे काम न केल्यामुळे आपला माल बदनाम होतो, याचे आम्हास फार वाईट वाटते. पिझो पिकअपला तर याहूनही अधिक ओम लागतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील आपल्या सतारमेकर बंधूंकडे पिकअप बसवून मागणारे गिऱ्हाईक येत असेल, तर त्याला योग्य तोंडाचा छोटा डबाही सोबत देता येईल, असे आम्ही सुचवितो.

ज्याला अगदी लहान सुरुवात करायची आहे त्याने एलएम ३८६ ही आठ पायांची आयसी घ्यावी. ९ व्होल्टवर ८ ओमच्या स्पीकरला ती साधारण अर्धा वॅट देते. पहिल्या आणि आठव्या पायामध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर जोडला की आवाज २० पटीऐवजी २०० पट वाढतो. अमेरिकेत ‘स्मोकी’ नावाचा डबा हीच आयसी वापरून सिगारेटच्या पाकिटात बसविलेला आहे. नव्या शागिर्दाचा हात बसविण्यासाठी याहून सोपे काम नाही. मोठ्या डब्यासाठी क्लास-डीच्या तयार पट्ट्या मिळतात. त्यांत उष्णतेत जाणारी वीज फार थोडी, म्हणून त्याच सेलवर डबा जास्त वेळ चालतो. जुन्या मिस्त्रींना त्या पट्ट्या आवडत नाहीत, कारण जळल्या तर दुरुस्त होत नाहीत. तक्रार खरी आहे. पण बॅटरीच्या डब्यात वेळ हाच माल असतो.

बॅटरीच्या डब्याचा एक फायदा विक्रेते सांगतच नाहीत. मंडपात, तात्पुरत्या वायरिंगमध्ये अर्थिंग पुष्कळदा नावापुरते असते. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकजवळ. दोहोंपैकी एकात करंट उतरला तर तो त्याच्या अंगातून जातो. १९७२ मध्ये ब्रिटनमधील स्वानसी येथे लेस हार्वे नावाचा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला ओला हात लागून मंचावरच मरण पावला. सेलवर चालणाऱ्या आणि मेनशी कुठेच न जोडलेल्या डब्यातून मेनचा करंट गिटारच्या तारांत येत नाही. मात्र कार्यक्रम चालू असताना हलक्या चार्जरची पिन लावून ठेवली, किंवा डब्याची तार मंडपाच्या मिक्सरला जोडली, तर हा फायदा संपला. दुसऱ्याच्या माइकची खात्री तर कोणताच डबा देत नाही.

आता सेलविषयी, कारण पुतण्याच्या डब्यातला खरा गुन्हेगार तेथे सापडला. आत लिथियमचे तीन सेल होते, तिन्ही वेगवेगळ्या बनावटीचे, बहुधा जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले. रक्षक पट्टी नाही. सोल्डर थेट सेलच्या टोकावर, म्हणजे इस्त्रीची उष्णता सेलच्या पोटात गेलेली. असा डबा पेटला नाही हे नशीब समजावे. आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, जुने लिथियम सेल गिऱ्हाइकाच्या डब्यात घालण्याचे काम आपल्यापैकी कोणीही करू नये, मग त्यात कितीही पैसे सुटोत. एक डबा एका घरात रात्री चार्जिंगला लावलेला असताना पेटला तर त्या गल्लीतल्या सगळ्या मिस्त्रींचा धंदा बसेल.

सेल विकत घेतानाही आकड्यांचाच खेळ आहे. १८६५० मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेले दिसले तर तो सेल हातातून खाली ठेवावा. चांगल्या कंपनीच्या त्या मापाच्या सेलमध्ये साधारण २००० ते ३५०० मावतात. त्याहून फार अधिक या मापात बसत नाहीत. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी असलेले, एकाच खेपेचे सेल घ्यावेत, पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडाव्यात आणि रक्षक पट्टी लावावी. तीन सेलच्या जोडणीला चार्जर १२.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचाच हवा. इन्व्हर्टरच्या किंवा मोटारसायकलच्या बॅटरीचा चार्जर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. ज्याला या भानगडीत पडायचे नाही त्याने सहा पेन्सिल सेलचा खण ठेवावा. गिऱ्हाईक कोठेही सेल बदलू शकते, फक्त महिनोन्महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवायला सांगावे, नाहीतर ते पाझरतात आणि स्प्रिंगा खातात. बाहेरच्या पिनला एक उलट-करंट रोखणारा डायोडही घालावा. गिटारच्या पेडलांच्या अॅडॉप्टरला पुष्कळदा मधला टोक ऋण असतो, इतरांना धन. चुकीचा अॅडॉप्टर लावून जळालेले डबे दुरुस्तीवाल्यांकडे नेहमी येतात.

तयार मालाशी किंमतीत टक्कर देणे आपल्याला जमणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण तो डबा बंद पडला की गिऱ्हाईक जाते कोठे? आपल्याच टेबलावर येते. जो माणूस दुरुस्त करतो त्यानेच बनविलेला, स्क्रूने उघडणारा, सेल बदलता येणारा डबा घ्यायला ते दोन पैसे जास्त देईल, असा आमचा अंदाज आहे. त्यासाठी डब्याच्या मागे चार गोष्टी लिहाव्यात: किती ओमवर किती वॅट, सेल कोणता आणि कितीचा, मध्यम आवाजावर किती तास, आणि बनविणाऱ्याच्या दुकानाचे नाव. दुकानाचे नाव लिहायला हात कचरत असेल तर वरचा एखादा आकडा तपासून पाहावा.

पुतण्याचा डबा मिस्त्रींनी सोळा दिवसांनी परत दिला. आयसी तीच, सेल नवे, आठ इंची कागदी स्पीकर, आणि तोंडाशी १ मेगओम. ‘६० वॅट’चा स्टिकर त्यांनी खरवडून काढला आणि मार्करने ‘१२ वॅट, ५ तास’ असे लिहिले. पुतण्याला ते जरा कमीपणाचे वाटले. गेल्या कार्यक्रमात तो साडेचार तास वाजवून आला आणि त्याच्यासोबतच्या दोघांनी मिस्त्रींचा पत्ता विचारला. मिस्त्री म्हणतात, करतो, पण एका डब्याला पंधरा दिवस लागतील, घाई करणाऱ्याने बाजारातून घ्यावा. किंमत अजून ठरलेली नाही.