वाहनाची क्षमता आणि अतिभाराचा अतिचार

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावरील बिडकीनच्या शिवारात ऑरिक औद्योगिक नगरी आकार घेत आहे. अशा वेळी तेथील भुसार, सिमेंट वा हार्डवेअरच्या व्यापाऱ्यास माल पोहोचविण्यासाठी स्वतःचे वाहन असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. २००५ साली टाटा एस, अर्थात लोकांचा ‘छोटा हत्ती’, बाजारात आल्यापासून असे वाहन लहान दुकानदाराच्याही आवाक्यात आले. मात्र खरेदी करताना किंमत, हप्ता व मायलेज यांची जेवढी चौकशी होते, तेवढी वजनक्षमतेची होत नाही.

नोंदणी प्रमाणपत्रावर दोन आकडे असतात. पहिला रिकाम्या वाहनाच्या वजनाचा, दुसरा मालासह अनुज्ञेय असलेल्या कमाल वजनाचा. या दोहोंतील फरक म्हणजे मालाची क्षमता, असा सर्वसाधारण समज आहे; परंतु कायद्याच्या व्याख्येनुसार रिकाम्या वजनात चालक आणि मदतनीस यांचे वजन धरलेले नसते. समजा, कमाल वजन २,९५० किलो व रिकामे वजन १,६५० किलो आहे. फरक १,३०० किलो, म्हणजे ५० किलोची २६ पोती, असा हिशेब दुकानात मांडला जातो. त्यातून चालक व हमाल यांचे १४० किलो आणि नंतर बसविलेल्या लोखंडी सांगाड्याचे १५० किलो वजा केले, तर उरतात १,०१० किलो. म्हणजे केवळ २० पोती.

मालाचा प्रकारही पाहिला पाहिजे. मुरमुऱ्यांनी हौदा काठोकाठ भरला तरी वजन मर्यादेत राहते. सिमेंट किंवा खताने मात्र हौदा अर्धा रिकामा असतानाच मर्यादा गाठली जाते. प्रत्येक आसाची भारमर्यादाही स्वतंत्र असते. सर्व पोती मागील टोकाला रचली, तर एकूण वजन नियमात असूनही मागील आसावर अधिक भार येतो आणि पुढील चाकांची रस्त्यावरील पकड सैल होते.

कायद्यातील दोन मर्यादा व्यापाऱ्याने लक्षात ठेवाव्यात. कमाल वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनास परमिट लागत नाही. तसेच सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक चालवू शकतो. केवळ परमिटची दगदग टाळण्यासाठी लहान वाहन घ्यावयाचे आणि त्यावर मोठ्या वाहनाचा माल लादावयाचा, ही काटकसर नव्हे. अतिभारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे; जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. हा दोष केवळ चालविणाऱ्याचा नव्हे, तर तसे चालवू देणाऱ्या मालकाचाही मानलेला आहे.

दंड भरून हिशेब पुरा होत नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे, हा एक आहे. बैलाच्या मानेवरील जू गेले आणि त्याच्या जागी इंजिन आले, म्हणून हा अतिचार कालबाह्य झाला असे म्हणता येणार नाही. यंत्राला वेदना नाही; पण वेग तोच असता वजन दीडपट झाले, की ब्रेकला थोपवावा लागणारा जोरही दीडपट होतो. तो न थोपल्यास प्राण पणास लागतात ते पगारी चालकाचे आणि समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाचे.

यास्तव वाहन घेण्यापूर्वी सर्वांत जड मालाच्या नेहमीच्या खेपेचे वजन काढावे, त्यात माणसे व सांगाडा मिळवावा आणि थोडी क्षमता शिल्लक राहील असेच वाहन निवडावे. वाहन आल्यावर पहिली भरलेली खेप वजनकाट्यावर नेऊन ती पावती नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावी. मापात पाप नको, हे व्यापाऱ्यास तराजूपाशी सांगावे लागत नाही. वाहन भरतानाही त्याने तेच व्रत पाळावे.